तेराव्या वर्षीची कंबरदुखी आणि बंद दाराआडचं मालिश

नमस्कार मॅडम,

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स करते. आठवड्यातले सहा दिवस, रोज चार तास सराव असतो. दोन महिन्यांपासून तिची कंबर दुखते, मागे वाकताना जास्त. ब्रिज किंवा बॅक वॉकओव्हर झाला की चेहऱ्यावर कळतं. आता मनगटंही दुखायला लागली आहेत. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कंबरेचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. उसण भरली असेल म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळी घेऊन ती सरावाला जाते. सहा आठवड्यांवर राज्य स्पर्धा आहे. सर म्हणतात, वाढीच्या वयात सगळ्यांचंच दुखतं, आता थांबली तर वर्ष गेलं. मिस्टर तिला १९९६ च्या ऑलिंपिकमधल्या, दुखऱ्या पायावर उतरलेल्या अमेरिकन मुलीचा व्हिडिओ दाखवतात. सासूबाई म्हणतात, बंदच करा, पुढे बाळंतपणात पाठ त्रास देईल.

अजून एक. सरांच्या ओळखीचे एक गृहस्थ क्लासवर येऊन मुलींना मालिश करतात. मागच्या खोलीत, दार लावून. मी आत येऊ का विचारलं, तर ‘आई समोर असली की मुलगी अंग सैल सोडत नाही’ म्हणाले. मुलगी काही बोलत नाही, पण ते यायच्या दिवशी तिला क्लासला जायचं नसतं. मी उगीच संशय घेतेय का? तिला अजून पाळी आलेली नाही. दर सोमवारी क्लासवर वजन करतात, म्हणून रविवारी रात्री ती जेवत नाही. मी काय करू?

– एक आई, नाशिक

*

ताई,

तुम्ही ‘अजून एक’ म्हणून शेवटी लिहिलंत, ते मी आधी घेते. कंबरेच्या डॉक्टरांची वेळ मिळायला चार दिवस लागले तर चालतील. या गोष्टीला चार दिवस नाहीत.

तुम्ही उगीच संशय घेत नाही आहात. तेरा वर्षांच्या मुलीला दार लावून, आईला बाहेर ठेवून कोणीही मालिश करता कामा नये. ते गृहस्थ कसे आहेत, सरांचे किती जुने मित्र आहेत, हा प्रश्न बाजूला ठेवा. हा नियम माणूस बघून लावायचा नसतो, सगळ्यांना सारखाच लावायचा असतो. आजपासून ते मालिश बंद. सरांना कारण द्यावंसं वाटलं तर एवढंच सांगा: ‘तिच्या कंबरेची तपासणी चालू आहे, तोपर्यंत कोणीही मालिश करायचं नाही.’ आणि हे कारण खरंच आहे. दुखण्याचं मूळ कळलेलं नसताना कंबर जोर लावून चोळणं, मणका ‘बसवणं’, हे या वयात धोक्याचं असतं.

मी इतक्या ठामपणे का सांगते आहे, त्यामागे एक मोठं प्रकरण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने दुखापतीवरच्या उपचारांच्या नावाखाली अनेक वर्षं मुलींवर लैंगिक अत्याचार केले. २०१६ मध्ये रेचल डेनहॉलंडर ही माजी जिम्नॅस्ट आपलं नाव लावून एका वर्तमानपत्राशी बोलली, तेव्हा ते बाहेर आलं. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक जणींनी त्याच्यासमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडलं, आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. त्यात ऑलिंपिक पदकं जिंकलेल्या मुलीही होत्या.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली ही, की तो मुलींना वाईट वाटत नव्हता. प्रशिक्षक ओरडणारे, दुखतंय म्हटलं की नाटकं करतेस म्हणणारे, खाण्यावर पहारा ठेवणारे. त्या सगळ्यात गोड बोलणारा, गुपचूप खाऊ देणारा, ‘कुठे दुखतंय बाळा?’ असं विचारणारा तो एकटाच. जिथे मुलीला दुखतंय असं उघड म्हणता येत नाही, तिथे ते ऐकून घेणाऱ्या पहिल्या माणसाच्या हातात ती स्वतःला पूर्ण सोपवते. दुसरी गोष्ट अशी, की काही वेळा मुलींच्या आया त्याच खोलीत बसलेल्या असत. तो आई आणि मुलीच्या मध्ये असा उभा राहायचा, की आईला हात दिसू नयेत. म्हणजे नुसतं खोलीत असणं पुरत नाही. उपचारात काय होतं आणि काय होत नाही, हे आईला आणि मुलीला, दोघींना माहीत असावं लागतं.

ते साधं आहे. फिजिओ किंवा डॉक्टर आधी सांगतो, की मी आता इथे हात लावणार आहे आणि कशासाठी. विचारतो, चालेल का. ‘नको’ म्हटलं की हात काढतो. दार उघडं असतं किंवा आई, निदान दुसरी मोठी बाई, दिसेल अशी समोर असते. केलेल्या उपचाराची नोंद होते. त्याच्याकडे फिजिओथेरपीची पदवी असते आणि ती विचारली तर त्याला राग येत नाही. कंबरेच्या किंवा मनगटाच्या दुखण्यासाठी तेरा वर्षांच्या मुलीच्या अंतर्वस्त्राच्या आत हात नेण्याची गरज नसते. हे वाक्य तुमच्या मुलीला अगदी याच शब्दांत सांगा. जिम्नॅस्टिक्समध्ये सर मुलींना आधार देतात, उडी घेताना कंबरेला, मांडीला हात लागतो. मुलींना त्यामुळे स्पर्शाची सवय झालेली असते आणि कुठला स्पर्श कामाचा, कुठला नाही, हे त्यांचं त्यांना उमगतंच असं नाही. म्हणून कोणीतरी स्पष्ट सांगावं लागतं. ते आईने सांगितलेलं बरं.

तिच्याशी बोलताना चौकशी बसवू नका. दोघी एकट्या असताना, भाजी निवडताना, स्कूटरवरून जाताना विचारा: ‘मालिश असतं त्या दिवशी तुला जावंसं वाटत नाही, असं मला दिसतं. काय होतं तिथे?’ आणि मग गप्प राहा. ती म्हणाली की नुसतं दुखतं म्हणून नको वाटतं, तर तेही खरं असू शकतं. ते मान्य करा, पुन्हा पुन्हा खोदू नका. पण काही वावगं सांगितलं, तर ‘आधी का नाही सांगितलंस’ हे तोंडातून जाऊ देऊ नका. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका. १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर किंवा पोलिसांकडे जा. पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती असलेल्या प्रत्येकाने ती कळवणं बंधनकारक आहे, म्हणजे सरांनाही आणि क्लास चालवणाऱ्यांनाही. मुलीचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्या गणवेशात नसतात. मुलीचं नाव, ओळख छापायला कायद्याने मनाई आहे. लोक काय म्हणतील या भीतीने अनेक घरं गप्प बसतात, म्हणून हे सगळं मुद्दाम लिहिलं.

आता कंबर.

वाढीच्या वयात सगळ्यांचं दुखतं, हे सरांचं म्हणणं मला मान्य नाही. वाढीच्या वयात दुखतं ते बहुधा पोटऱ्या-मांड्यांत, रात्री, दोन्ही पायांत, आणि सकाळी मूल पुन्हा धावत असतं. दोन महिने एकाच जागी, एकाच हालचालीला, मागे वाकताना उठणारी कळ वेगळी असते. जिम्नॅस्ट मुलीची अशी कंबर दुखते तेव्हा आम्ही आधी एकाच गोष्टीचा विचार करतो. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो. पाठ मागे वाकवून त्याच स्थितीत जोर पडत राहिला, की त्यावर ताण येतो आणि बारीक चीर पडते. तार एकदा वाकवली तर काही होत नाही, तिथल्या तिथे शंभर वेळा वाकवली तर तुटते, तसं. बहुतेक वेळा हे कंबरेच्या सर्वांत खालच्या, पाचव्या मणक्यात होतं. याला स्पाँडिलोलायसिस म्हणतात. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १०० जिम्नॅस्ट मुलींचे एक्स-रे पाहिले, तेव्हा ११ जणींच्या मणक्यात अशी चीर सापडली होती. इतर मुलींच्या मानाने हे प्रमाण कितीतरी जास्त होतं.

आणि तुमच्या मुलीचा एक्स-रे नॉर्मल आला, याचा अर्थ चीर नाही असा होत नाही. सुरुवातीच्या काळात हाडावर ताण आलेला असतो, आतून सूज असते, पण एक्स-रेत काही दिसत नाही. ती एमआरआयमध्ये दिसते, आणि एमआरआयमध्ये किरणोत्सर्गही नसतो. तुमच्या डॉक्टरांनी चुकीचं केलं असं मी म्हणत नाही. उसण समजून आठवडाभर थांबणं ठीकच होतं. पण गोळ्या घेऊनही दुखणं दोन आठवड्यांपुढे गेलं, तेव्हा पुढची पायरी चढायला हवी होती. ती आता चढा. हाडांच्या अशा डॉक्टरांकडे जा, जे मुलांच्या किंवा खेळाडूंच्या दुखापती नेहमी बघतात. नाशिकमध्ये सोयीचं नसेल तर पुण्याला किंवा मुंबईला एक खेप करा. जाताना तिच्या सरावाचा व्हिडिओ मोबाइलवर न्या, ज्यात ती मागे वाकते आहे. डॉक्टरांना ‘जिम्नॅस्टिक्स करते’ एवढ्याने कळत नाही, की ही मुलगी दिवसाला कितीदा कंबरेतून दुमडते.

हे लवकर सापडणं फार महत्त्वाचं आहे. ताजी चीर विश्रांतीने भरून येऊ शकते. साधारण तीन महिने मागे वाकणं, उड्या आणि लँडिंग बंद, मग पोटाचे आणि कमरेभोवतीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, मग हळूहळू परत. काहींना पट्टा देतात. बहुतेक मुली पुन्हा खेळायला लागतात. पण तेच दुखणं गोळ्या घेऊन वर्षभर अंगावर काढलं, तर चीर जुनी होते, हाडाची टोकं जुळायची राहतात, आणि काही जणींत मणका पुढे सरकतो. तीन महिन्यांची विश्रांती टाळण्यासाठी तेव्हा फार मोठी किंमत मोजलेली असते. एक मात्र लक्षात ठेवा: पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखं वाटलं, ताप आला किंवा रात्री झोपेतून दुखून जाग यायला लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात.

मनगटाचंही त्याच भेटीत दाखवा. या वयात हाडांच्या टोकांना वाढीचा मऊ थर असतो, तो स्नायूबंधांपेक्षाही नाजूक असतो. मोठ्या माणसाचा जिथे सांधा मुरगळतो, तिथे मुलांचा हा थर दुखावतो. मनगट हा चालण्यासाठी घडलेला सांधा नाही, पण हँडस्प्रिंगमध्ये (हात टेकून घेतलेल्या कोलांटीत), व्हॉल्टवर (धावत येऊन ज्यावर हात टेकून उडी घेतात, त्या साधनावर) ते सगळ्या शरीराचा भार झेलतं, तेही झटक्याने. अंगठ्याच्या बाजूचं हाड, जिथे जास्त भार येतो, तिथल्या थराला सतत मार बसत राहिला तर त्याची वाढ वेळेआधी थांबू शकते. मग शेजारचं हाड तेवढं पुढे वाढतं आणि मनगट कायमचं दुखरं होतं. हात टेकल्यावर मनगटाच्या मागच्या बाजूला दुखत असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर दुखणं पूर्ण जाईपर्यंत हातावर भार बंद. क्रेप बँडेज बांधून किंवा टेप लावून सराव चालू ठेवणं हा उपचार नाही. आंबेहळदीचा लेप मुक्या माराला लावतो, लावायला हरकतही नाही, पण तो वाढीच्या थरापर्यंत पोचत नाही.

गोळी घेऊन सराव मात्र आजच थांबवा. दुखणं दाबणारी गोळी घरी, झोपण्यासाठी, डॉक्टरांनी सांगितली तर द्या. सरावाच्या आधी देऊ नका, स्पर्धेच्या आधी तर नाहीच. गोळी घेतली की चीर तिथेच राहते, फक्त तिला ती कळत नाही आणि ती जास्त वाकते. स्पर्धेच्या सकाळी कोणी ‘एक इंजेक्शन मारलं की दिवस निघून जाईल’ म्हणालं, तर कुठलं इंजेक्शन हेही विचारत बसू नका, सरळ नाही म्हणा. स्टेरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात घ्यायला २०२२ पासून उत्तेजकविरोधी नियमांनी बंदीही आहे.

ताकदीची पावडर, वजन उतरवायच्या कॅप्सूल, ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून दिलेल्या पुड्या, यांचंही तसंच. आपल्या दीपा करमाकरचं उदाहरण आहे. २०२१ मध्ये तिच्या चाचणीत हायजेनामीन नावाचा पदार्थ सापडला. हा पदार्थ काही पूरक आहारांत, वनस्पतींच्या अर्कांत असतो. तिच्यावर २१ महिन्यांची बंदी आली. ज्या मुलीने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टवर चौथा क्रमांक मिळवला, तिचीही अशी गत झाली. क्लासवर कोणी काही प्यायला-खायला दिलं, तर घरी दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही, हे मुलीला शिकवा.

तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांना मुलीचा अभिमान आहे, म्हणूनच ते तो व्हिडिओ दाखवतात, हे मला दिसतं. पण त्या व्हिडिओनंतर काय झालं तेही त्यांनी बघावं. त्यातली मुलगी, केरी स्ट्रग, अठरा वर्षांची होती. अटलांटा ऑलिंपिकमध्ये पहिल्या व्हॉल्टला तिचा घोटा दुखावला. तरी तिने दुसरा घेतला, ९.७१२ गुण मिळवले आणि कोसळली. अमेरिकेला सांघिक सुवर्ण मिळालं. पण अमेरिका रशियाच्या ०.८२१ गुणांनी पुढे होती. तिने दुसरा व्हॉल्ट घेतलाच नसता आणि तिच्या गुणांऐवजी सहकारी मुलीचे ९.२०० गुण धरले असते, तरी सुवर्ण अमेरिकेचंच होतं. त्या क्षणी हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण रशियाच्या मुलींचा फ्लोअर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचा प्रकार, संपायचा होता. ज्या वैयक्तिक अंतिम फेऱ्यांसाठी ती पात्र ठरली होती, त्यांत मात्र ती उतरू शकली नाही. तिचं धैर्य खरंच होतं, मी त्याला कमी लेखत नाही. पण तेराव्या वर्षी, आई-वडिलांच्या सोबतीने ते बघणाऱ्या मुलीला त्यातून एकच कळतं, की दुखत असताना थांबणारी ती भित्री.

त्यांना एलेना मुखिनाबद्दलही सांगा. सोव्हिएत संघाची ही मुलगी १९७८ मध्ये जगज्जेती झाली. १९७९ मध्ये पाय मोडला. पाय नीट भरून यायच्या आत तिला मॉस्को ऑलिंपिकसाठी पुन्हा सरावाला उभं केलं. तिला एक अवघड कोलांटी करायला लावत, ज्यात पायाचा जोर कमी पडला तर हनुवटीवर किंवा मानेवर आदळायचं भय. मी मान मोडून घेईन, असं ती प्रशिक्षकाला सांगत होती, हे तिने पुढे मुलाखतीत सांगितलं. जुलै १९८० मध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, मिन्स्कच्या सराव शिबिरात तसंच झालं. मानेखालचं शरीर लुळं पडलं. वीस वर्षांची होती. त्यानंतर सव्वीस वर्षं ती अंथरुणाला-खुर्चीला खिळून होती, आणि २००६ मध्ये गेली. ती कोलांटी पुढे स्पर्धांतून बाद करण्यात आली.

आणि अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचा व्हिडिओ त्यांना मुलीसोबत बघू द्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ मध्ये, हवेत असताना आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं, तेव्हा ती सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. जगभरातून टीका झाली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकलं. दीपाचंही गुडघ्याचं ऑपरेशन २०१७ मध्ये झालं, पुढच्या वर्षी तुर्कस्तानात मर्सिनला तिने व्हॉल्टचं सुवर्ण घेतलं. गुडघ्याने तिला पुढेही छळलं, पण २०२४ मध्ये, वयाच्या तिशीत, ती ताश्कंदला आशियाई विजेती झाली. थांबल्यामुळे वर्ष जातं, हे खरं आहे. पण वर्ष परत येतं.

रविवारच्या जेवणाचं मला सगळ्यांत वाईट वाटलं. चोवीस तासांचा आठवडी सराव करणारी मुलगी उपाशी झोपते. ज्या वयात उंची झपाट्याने वाढते, त्या साधारण दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडांच्या साठ्यापैकी जवळजवळ पाव भाग भरला जातो. तेव्हा शरीराला पुरेसं मिळालं नाही, तर ते आधी पाळी पुढे ढकलतं, मग हाडांवर काटकसर करतं. अशा हाडांना चिरा लवकर पडतात आणि उशिरा भरतात. म्हणजे ती कंबर आणि तो सोमवारचा वजनकाटा एकमेकांपासून वेगळे नसू शकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला मिळून एक नाव दिलं, खेळाडूतली सापेक्ष ऊर्जा-कमतरता, आणि डॉक्टरांना सांगितलं की दुखापत बघताना खाणं आणि पाळी विचाराच. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

तेराव्या वर्षी पाळी आली नाही, एवढ्यावरून घाबरू नका. जिम्नॅस्ट मुलींना ती बऱ्याचदा उशिरा येते. पण वयात येण्याच्या इतर खुणा, छातीची वाढ वगैरे, अजून काहीच दिसत नसतील तर आत्ताच स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खुणा असतील तर पंधरापर्यंत वाट बघा, त्यापुढे नाही. पुढे पाळी सुरू होऊन सलग तीन महिने चुकली, तर तेही ‘बरंच झालं, स्पर्धेत कटकट नाही’ म्हणून सोडून देऊ नका. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या. दिवसभर शाळा आणि संध्याकाळी बंद हॉल, अशा मुलींमध्ये ते कमी असणं नेहमीचं आहे. गोळ्यांचा डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा.

घरात खाण्याचं वेगळं तंत्र नको. सरावाच्या आधी पोळीचा रोल किंवा केळं, सराव संपल्यावर तासाभराच्या आत काहीतरी पोटभरीचं: अंडी-पोळी, दहीभात, थालीपीठ-लोणी, नाचणीची पेज, शेंगदाणा-गुळाचा लाडू. रोज दूध किंवा ताक, वरण, उसळ. आणि तिच्या वजनाबद्दल, ताटाबद्दल घरात कोणीही, आजीनेही, चेष्टेतसुद्धा बोलायचं नाही. या वयात मुलीचं वजन वाढायलाच हवं. ती जेवण लपवते आहे, जेवल्यावर बाथरूममध्ये जास्त वेळ जाते आहे, आरशासमोर स्वतःला दोष देते आहे, असं दिसलं तर समुपदेशकाची मदत उशीर न करता घ्या.

सरांशी बोलायला एकट्या जाऊ नका, मिस्टरांना घेऊन जा. आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जा. नुसतं ‘विश्रांती’ लिहिलेली चिठ्ठी क्लासवर चालत नाही. डॉक्टरांना विनंती करा, की काय करायचं नाही आणि काय करता येईल, दोन्ही लिहून द्या. मागे वाकणं, उड्या, लँडिंग, हातावर भार नाही. डॉक्टर म्हणतील तेवढं पायांचं, पोटाच्या स्नायूंचं, तोल सांभाळण्याचं काम चालेल. म्हणजे मुलगी हॉलमध्ये राहते, मैत्रिणींत राहते, आणि सरांनाही तिला काहीतरी देता येतं. बहुतेक सर दुष्ट नसतात. तेही तसेच शिकलेले असतात, दुखत असताना करत राहा म्हणून. पण दुखापत झालेल्या मुलीने कधी उतरायचं, हे ज्याच्या नावापुढे पदक लागणार आहे त्याने ठरवायचं नसतं. तो निर्णय डॉक्टरांचा, आणि तिला बरं वाटतंय का हे सांगण्याचा हक्क तिचा. सोमवारचं वजनही तुमच्या मुलीपुरतं बंद करायला सांगा. उंची मोजा म्हणावं, दर महिन्याला. उंची पटकन वाढायला लागली, की काही महिने सरावातल्या आवर्तनांची संख्या कमी करायची असते, कारण तेव्हाच हाडं सर्वांत कच्ची असतात. ती नोंद वजनापेक्षा कितीतरी उपयोगाची.

तासांचंही बोला. मुलांच्या खेळाबद्दल डॉक्टर एक ढोबळ नियम सांगतात, की आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत. तुमची मुलगी तेरा वर्षांची आणि तास चोवीस. जिम्नॅस्टिक्समध्ये वरच्या पातळीला हा नियम क्वचितच पाळला जातो, हे मला माहीत आहे. तरी आठवड्यात पूर्ण सुट्टीचा एक दिवस तिला आहे, तो दोन करता येतील का बघा, आणि वर्षातून थोडे-थोडे आठवडे मिळून दोन-तीन महिने तिला या खेळातून मोकळीक द्या. त्या वेळात ती पोहू दे, सायकल चालवू दे, नाहीतर नुसती सुट्टी घेऊ दे.

हॉलवर एक गोष्ट जरूर विचारा: मुलगी डोक्यावर किंवा मानेवर पडली तर इथे काय करतात? उत्तर ‘उचलून पाणी पाजतो’ असं आलं, तर तुम्ही आणि इतर पालक मिळून ते बदलायला लावा. तिला हलवायचं नाही, मान जशी आहे तशी धरून ठेवायची, १०८ ला फोन करायचा. डोक्याला मार लागून गरगरलं, ओकारी आली, बोलण्यात गोंधळ झाला, तर त्या दिवशी परत मॅटवर नाही, आणि लगेच दवाखान्यात.

सासूबाईंना सांगा, की वेळेवर उपचार झालेली मुलगी पुढे बाळंतपणही करेल आणि हवं तर कोलांट्याही मारेल. बंद करायचं की नाही हा प्रश्न आत्ता नाहीच. बंद करायची भीती घातली, तर ती दुखणं सांगायचंच सोडेल, आणि आपल्याला नेमकं ते नको आहे.

राहिली राज्य स्पर्धा. तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळं त्याच्याभोवती फिरतंय. माझ्या मते या वर्षी तिने उतरू नये. एमआरआय पूर्ण स्वच्छ आला, डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली आणि गोळीशिवाय मागे वाकताना दुखलं नाही, तरच फेरविचार करा. सहा आठवड्यांत या तिन्ही गोष्टी जमतील असं मला वाटत नाही. नाव काढून घ्यायचं ते तिला सांगून, तिच्यासमोर, आधी. शेवटच्या दिवशी अचानक नाही. ती रडेल. रडू द्या, समजूत काढायची घाई करू नका. तिला स्पर्धा बघायला जायचं असेल, तर संघाच्या टी-शर्टमध्ये मैत्रिणींबरोबर पाठवा. नको म्हणाली तर तेही ठीक.

डॉक्टरांकडे जाताना तिला पुढे बसवा, ‘कुठे दुखतं’ याचं उत्तर तुम्ही देऊ नका, तिला देऊ द्या. आणि एमआरआयचा अहवाल आला की मला लिहा. त्यात काय निघतं त्यावर पुढचा सरावाचा बेत आपण नीट ठरवू.